दीड श्वास

तनयाची सातवी गोळी उजवीकडे गेली, तेव्हा गिरीधररावांनी दुर्बिणीवरचा डोळा काढला आणि शर्टाच्या टोकानं काच पुसली. काच स्वच्छच होती. तरी त्यांनी ती पुन्हा पुसली.

नऊशे यार्डांवर, मातीच्या उंच बांधासमोर, निशाणाचा पांढरा चौकोन खाली गेला आणि परत वर आला. गोळी लागली तिथे खंदकातल्या माणसांनी लाल तबकडी लावली होती. काळ्या वर्तुळाच्या बाहेर, उजव्या अंगाला. पाचांपैकी तीन गुण. आधीची गोळी डावीकडे गेली होती, आणि तिच्या आधीची पुन्हा उजवीकडे.

"काका, माझं काही चुकतंय का?" तनयानं पालथ्या पालथ्याच विचारलं. गाल रायफलच्या दस्त्याला चिकटलेला.

"तुझं नाही."

"मग?"

"उगी राहा. पुढची भर."

मागे पत्र्याच्या शेडमध्ये क्लबचा दुसरा दुर्बीणवाला, कृष्णकांत, खुर्चीवर रेलून बसला होता. सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं तो म्हणाला, "एक डावी, एक उजवी. वारा वाचताहेत का पंचांग?"

गिरीधररावांनी मागे वळून बघितलं नाही. पण मानेवर ऊन लागावं तसं ते त्यांना लागलं.

चेन्नईबाहेर, आवडी गावाच्या पुढे सरकारी हद्दीत ही रेंज होती आणि रविवारी क्लबला वापरायला मिळायची. गिरीधरराव इथं वीस वर्षांहून जास्त येत होते, पण त्यांनी स्वतः फारशा गोळ्या झाडल्या नव्हत्या. ते वारा वाचत. लांब पल्ल्याच्या संघात रीतच तशी असते. नेमबाज पालथा पडतो, डोळा रायफलवरच्या नेमाच्या छिद्राला लावतो आणि दुसरीकडे बघत नाही. त्याच्या शेजारी एक माणूस दुर्बीण घेऊन बसतो. वारा किती, कुठून, हे तो ठरवतो, हात लांब करून नेमबाजाच्या रायफलवरची कळ तोच डावी-उजवी फिरवतो, आणि मग सांगतो, हां. नेमबाजानं फक्त घोडा दाबायचा. एवढ्या लांबवर मंद झुळूकसुद्धा गोळीला हात-दोन हात ढकलते, म्हणून गुण गेले तर आधी दुर्बीणवाल्याकडे बघतात.

वारा झेंड्यांवरून वाचता येतो, पण झेंडे जाड कापडाचे, ते उशिरा कळवतात. खरा वारा कळतो तो मृगजळावरून. तापलेल्या जमिनीवरून हवा लहरत चढते. दुर्बीण निशाणावर न लावता थोडी अलीकडे लावली की ती लहर दिसते, उथळ ओढ्याच्या पाण्यासारखी. वारा डावीकडून असला की पाणी उजवीकडे वाहतं. वारा वाढला की लहरी आडव्या, लांब होतात. वारा पडला की पाणी जागच्या जागी उभं राहून उकळायला लागतं. ही उकळी सगळ्यात वाईट. तिच्यानंतर वारा कुठल्या बाजूनं येईल ते कुणी सांगू शकत नाही. गिरीधरराव सांगायचे. निदान संयुक्ता होती तोवर सांगायचे.

संयुक्ता त्यांची बायको. एवढी वर्षं त्यांनी त्या एकाच नेमबाजाचा वारा वाचला होता. दिवाळीच्या आधी पावसात तिला ताप आला, डेंगी निघाला, आणि आठवडाभरात ती गेली. रायफलचा परवाना तिच्या नावावर, म्हणून रायफलही जमा करावी लागली. घरात दुर्बीण तेवढी राहिली.

पोंगलनंतर क्लबचे सेक्रेटरी तुळजाजी घरी आले होते. दोघंही तंजावरकडचे मराठी, लहानपणापासूनची ओळख. कॉफीचा पेला हातात फिरवत तुळजाजी म्हणाले होते, "गिरीधरा, सांगलीची एक पोरगी आली आहे, मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर. हात चांगला आहे. तिच्यामागे बसायला कोणी नाही. तू ये. घरात बसून भिंतीशी किती बोलशील?"

"भिंतीशी बोलत नाही मी."

"मग आणखी वाईट."

म्हणून ते आले होते. राज्याच्या संघाची चाचणी पुढच्या रविवारी होती. नेमबाज आणि वारा वाचणारा यांची जोडी निवडली जायची. दहा गोळ्या, पन्नास गुण. चव्वेचाळीस मिळाले तर जोडी संघात, नाही तर दोघंही घरी.

आज तनयाचे चाळीससुद्धा झाले नाहीत.

रायफली पेटीत गेल्यावर तुळजाजींनी त्यांना बाजूला घेतलं. ते चेष्टेखोर माणूस, पण आत्ता चेष्टा करत नव्हते. "हे बघ, आज झालं ते झालं. पण असंच होणार असेल तर पुढच्या रविवारी मज तिच्यामागे कृष्णकांतला बसवावं लागेल. पोरीचं वर्ष का घालवायचं?"

"सेरी, ठीक आहे," गिरीधरराव म्हणाले.

"राग नको मानूस."

"राग कसला? बरोबर बोलतोस."

रेंजच्या फाटकाबाहेर शेअर-ऑटो उभ्या होत्या. ते एकीत बसले, मग उतरले, आणि स्टेशनपर्यंत चालत गेले. बसवेना. गेले काही आठवडे रविवारच्या आशेवर ते उठत, आंघोळ करत, इस्त्रीचा शर्ट घालत. रविवार गेला तर आठवड्याला कशाच्या आधारानं उभं करायचं, हे त्यांना कळत नव्हतं.

*

सोमवारी ते मैलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी मनाशी ठरवलं होतं, मोतीबिंदू असणार. असला तर बरंच, काढून टाकता येतो. डॉक्टरणीनं डोळ्यात थेंब घातले, अक्षरं वाचून घेतली, दिवे मारले.

"सार, या वयाला इतके चांगले डोळे मी कमी बघते. घरी जा."

डोळे चांगले आहेत म्हटल्यावर माणूस खूश होतो. गिरीधररावांना ते नको होतं. डोळे बरे आहेत, मग बिघडलंय काय?

घरी जायच्या ऐवजी ते देवळाच्या तळ्याभोवती फिरत राहिले. थेंबांमुळे सगळं पांढरं दिसत होतं. एका उडुपी हॉटेलच्या मागच्या खिडकीतून वाफ निघत होती, ती डावीकडे कलली. त्यांनी मनात म्हटलं, आग्नेय, मंद. पुढे गेल्यावर पक्षाच्या झेंड्यांची रांग लागली. झेंडे लोंबत होते. म्हणजे वाफ खोटी, किंवा झेंडे खोटे. ते परत वाफेकडे गेले. असं दोनदा झाल्यावर हॉटेलचा माणूस बाहेर आला. "काय पाहिजे सार?"

"काही नाही. तुमची वाफ बघत होतो."

तो माणूस त्यांच्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आत या, पंख्याखाली बसा," आणि त्यांना पाणी दिलं.

सगळा आठवडा असाच गेला. अण्णा नगरच्या फ्लॅटमध्ये ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात आणि तिथं कशाला आलो ते विसरत. मेट्रोनं कुठंतरी जात आणि लगेच परत येत. जिथं जात तिथं पडदे, धूर, वाळत घातलेले कपडे, झाडांचे शेंडे बघत, आणि वारा मनाशी बोलून बरोबर आहे का ते तपासत. दर वेळी बरोबर यायचा. रेंजवर मात्र चुकायचा.

कोइंबतूरहून कीर्तनाचा, मुलीचा, फोन आला. "अप्पा, तिकडे एकटे काय करता? इथं या ना. पोरांना पण बरं वाटेल."

"रविवारी चाचणी आहे."

"ती झाल्यावर?"

"झाल्यावर बघू."

"अप्पा, तुम्ही जेवता ना वेळेवर?"

"जेवतो की."

"काय जेवलात आज?"

त्यांना आठवेना. "रसम," ते म्हणाले. रसम म्हटलं की सहसा खरंच असतं.

*

शनिवारी तनयाला सुट्टी होती. तिनं स्वतःच फोन केला. "काका, मी येऊ का तुमच्याकडे? गच्ची आहे ना? माझी एअर रायफल आणते. छर्रा नाही घालायचा. नुसतं धरायचं आणि सोडायचं. दोघांची सवय होईल."

ती दुपारी चारला आली, खांद्यावर लांब पेटी घेऊन. लिफ्टमध्ये वॉचमननं विचारलं तेव्हा तिनं "सतार" असं सांगितलं होतं, आणि आता तेच सांगून हसत होती. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या भिंतीला तिनं कागदाचा काळा ठिपका चिकटवला आणि सतरंजीवर पालथी झाली. गिरीधररावांनी तिच्या शेजारी खुर्ची घेतली आणि दुर्बीण समोरच्या इमारतीच्या गच्चीकडे वळवली. तिथं दोरीवर पांढऱ्या वेष्ट्या, लुंगीसारखी धोतरं, वाळत होत्या. त्यांच्या पलीकडे, पूर्वेला, गल्लीच्या टोकाचा नारळ. समुद्रावरचा वारा सुटला होता, अधूनमधून झुळकीनं येत होता.

"खेळ असा," ते म्हणाले. "मी हां म्हणेन. तू सोडायचीस. बरोब्बर वेष्टी ताठ होईल तेव्हा खट् व्हायला पाहिजे. मज माझा वारा तपासायचा आहे."

"आणि चुकलं तर?"

"तर मी कृष्णकांतच्या पाया पडतो."

तेवढ्यात समोरच्या गच्चीवर अन्नपूर्णाबाई आल्या. त्या त्याच इमारतीतल्या, तंजावरकडच्याच, संयुक्ताच्या मैत्रीण. कठड्याला रेलून त्यांनी हाक मारली, "अहो गिरीधरराव! माझ्या नवऱ्याच्या वेष्ट्यांवर काय बघता दुर्बिणीतून?"

"वारा बघतो, अन्नपूर्णाबाई!"

"बघा, बघा. तो घालून हिंडतो तेव्हा कुणी बघत नाही बापड्याकडे!" आणि वाळलेले टॉवेल तेवढे काढून त्या खाली गेल्या.

तनया हसली, तिची रायफल हलली. "काका, थांबा, हसू जाऊ दे."

हसू गेलं. ती स्थिर झाली.

नारळाची झावळी हलली. गिरीधररावांनी झुळूक येताना बघितली आणि म्हणाले, "हां."

खट्.

वेष्टी लोंबत होती. मग उचलली गेली, ताठ झाली.

"पुन्हा," ते म्हणाले.

झावळी हलली. हां. खट्. वेष्टी लोंबलेलीच. मग वर.

"काका, मी लवकर सोडतेय का?"

"उगी राहा. पुन्हा."

तिसऱ्या वेळी खट् झाल्यावर त्यांनी डोळा काढला नाही. ते वाट बघत राहिले. एक श्वास गेला. मग अर्धा. आणि वेष्टी ताठ झाली. नेमक्या त्या क्षणाला बार व्हायचा, वर्षानुवर्षं झाला होता, त्यांचे कान त्यासाठी तयार झालेच होते. गच्चीवर काही झालं नाही. खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू केली.

ते उठले, कठड्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा कठड्याकडे गेले.

संयुक्ता वेळ घ्यायची. हां ऐकल्यावर ती एक पूर्ण श्वास घ्यायची आणि सोडायची, मग अर्धा घेऊन धरायची, आणि मग बोट. तुळजाजी म्हणायचे, वहिनींची गोळी सुटेपर्यंत फिल्टरमधून कॉफी उतरते. सगळे हसायचे, तीही हसायची, आणि तशीच झाडायची. आणि ते स्वतः, न ठरवता, कुणी न शिकवता, आत्ताचा वारा बघायचं सोडून दीड श्वासानंतरचा वारा सांगायला शिकले होते. लोक म्हणत, गिरीधरला वारा येण्याच्या आधी कळतो. त्यांनाही ते खरंच वाटायचं. अजूनही ते तसाच सांगत होते. तनया ऐकल्याबरोबर झाडत होती, आणि गोळी जाताना वारा अजून जुनाच असायचा. वाढणार असला तर गोळी एकीकडे, पडणार असला तर दुसरीकडे.

"काय झालं?" तनया सतरंजीवर उठून बसली होती.

"तू थांबायला पाहिजेस," ते म्हणाले. "हां म्हटल्यावर लगेच नाही सोडायचं. एक श्वास घे. सोड. मग अर्धा घे. धर. मग."

"इतकं?"

"तसंच करतात."

"कोण करतं?"

"कर म्हणतो ना."

तिनं केलं. पहिल्यांदा खट् जवळपास बरोबर पडलं. दुसऱ्यांदा रायफलचं टोक थरथरताना त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसलं. तिसऱ्यांदा तिनं मध्येच रायफल खाली घेतली.

"नाही जमत, काका. मी एवढी थांबले की मोडते. माझं हां म्हटलं की झालं, असंच आहे. कोल्हापूरच्या सरांनीसुद्धा बदलायला सांगितलं होतं. दोन वर्षं घालवली, मग त्यांनीच नाद सोडला."

"एका दिवसात सगळं जमत नसतं."

"चाचणी उद्या आहे." ती सरळ त्यांच्याकडे बघत होती. "काकू तसं झाडायच्या का?"

गिरीधररावांनी दुर्बिणीचं झाकण लावलं. मग काढलं. "हो."

"म्हणजे तुम्ही आधी सांगता आणि त्या नंतर झाडायच्या."

"हो."

"मग सोपंय की. तुम्ही नंतर सांगा."

"सोपं!" ते एकदम मोठ्यानं बोलले, एवढे की समोरच्या गच्चीवरचा कावळा उडाला. "तुज सोपं वाटतं. जीभ काय रायफलची कळ आहे, फिरवली की फिरली? मी वारा बघितला की तोंडातून हां जातो. थांबत नाही. थांबला तर..." थांबला तर त्या दीड श्वासाचं काय करायचं, हे तिला कसं सांगणार? संयुक्ताच्या साड्या बहिणीकडे गेल्या होत्या, रायफल कचेरीत गेली होती. हे एक त्यांच्या तोंडात शिल्लक होतं, आणि तेही आहे हे त्यांना आज कळलं होतं.

तनया रायफल पेटीत ठेवू लागली. पेटीचे खटके लावून झाल्यावर ती म्हणाली, "काका, मला थांबायला लावू नका. मला काकूंसारखं खरंच नाही येणार. तुम्हाला वाटलं तर कृष्णकांतकाकांना बसू दे उद्या. मी तुळजाजीकाकांशी बोलते. तुमच्याबद्दल काही वाईट नाही बोलणार."

"तू नको बोलूस. मी बोलतो."

ती गेली. ते गच्चीवरच येरझाऱ्या घालत राहिले. तुळजाजींना फोन लावला, घंटी वाजायच्या आधी बंद केला.

*

रविवारी तनयाची पाळी शेवटच्या तुकडीत आली, बाराच्या सुमारास. मार्चमध्ये चेन्नईत हीच वेळ खराब. सकाळभर वारा जमिनीकडून, पश्चिमेचा असतो, या रेंजवर डाव्या हाताचा. दुपारी कधीतरी समुद्र जागा होतो आणि वारा उलटतो. कधी, ते ठरलेलं नसतं.

गिरीधररावांना खुर्चीवर बघून कृष्णकांत म्हणाला, "आलात? मज वाटलं मज बसायचं आहे. पाट मांडूनच आलो होतो."

"मांडलेला राहू दे. दहा गोळ्यांनी बघू."

तनयानं त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि पालथी झाली.

निशाण वर आल्यापासून पाऊण मिनिटाच्या आत गोळी सुटायला हवी, नाही तर शून्य. तुळजाजी घड्याळ घेऊन मागे उभे राहिले.

गिरीधररावांनी ठरवलं होतं, उशिरा सांगायचं. पहिल्या गोळीला मृगजळ उजवीकडे वाहत होतं, लहरी आडव्या होऊ लागल्या होत्या, वारा वाढत होता. त्यांनी कळ डावीकडे फिरवली. आता थांब, त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि तोंडातून हां निघून गेला. बार झाला. तीन, डावीकडे.

दुसऱ्या गोळीला त्यांनी ओठ दातांखाली धरले, आणि मग फार उशीर केला. तोवर वारा पडला होता. तीन. चार गुण गेले. आता दोनच गमावायची मुभा होती.

मागे कृष्णकांतनं नुसता घसा खाकरला. ते जास्त झोंबलं.

निशाण तिसऱ्यांदा वर आलं. दुर्बिणीत पाणी वाहत होतं. पलीकडच्या गवतात झुळूक उतरताना त्यांना दिसली, हां जिभेवर आला. आणि तेव्हा, का कुणास ठाऊक, त्यांनी शब्दाच्या जागी श्वास घेतला. तिच्यासारखा, खोल, हळू. छाती भरली. सोडला. मग अर्धा घेतला आणि धरला. तिचं बोट जिथं वळायचं, बरोबर तिथं ते म्हणाले, "हां."

बार झाला.

निशाण खाली गेलं. वर आलं. तबकडी काळ्याच्या मधोमध.

"पाच," तुळजाजी मागून म्हणाले, जरा आश्चर्यानं.

चौथ्या गोळीला त्यांनी पुन्हा तसंच केलं. वारा बघायचा जसा नेहमी बघितला, आधीचा. कळ फिरवायची. मग तिचा श्वास आपण घ्यायचा. पालथी पडलेली पोरगी काही थांबत नव्हती, तिला थांबायची गरजच नव्हती. थांबायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. पाच. पाचव्या गोळीला अर्ध्या श्वासात त्यांना खोकला आला, हां घोगरा निघाला. चार. सहावी पाच. सातवी पाच. उन्हात त्यांच्या कानशिलांवरून घाम वाहत होता, तो पुसायलाही त्यांनी हात उचलला नाही. सारखं वाटत होतं की उठावं, चालू लागावं, शेडपर्यंत तरी जाऊन यावं. ते बसून राहिले.

आठवी आणि नववीही पाच. आता एवढाच हिशोब उरला होता, की शेवटच्या गोळीला चार तरी पाहिजेत.

निशाण वर आलं आणि मृगजळ उभं राहिलं. उकळी. उजवीकडचं वाहणं थांबलं, पाणी सरळ वर चढायला लागलं. निशाणाचा काळा ठिपका त्यात नाचत होता.

"काका?" तनया ओठ न हलवता म्हणाली.

"थांब."

झेंडे अजून पश्चिमेचाच वारा सांगत होते, मरगळलेले. कृष्णकांतची खुर्ची वाजली. तो उभा राहिला असावा. "वारा मेला," तो पुटपुटला. "शून्यावर लावून सोडा, वेळ चाललाय."

गिरीधररावांनी दुर्बीण केसभर अलीकडे आणली. बांधाच्या उजव्या टोकाशी, गवताच्या वर, एक लहर वाकडी झाली. डावीकडे कलली. त्यांचा हात रायफलवर गेला आणि कळ उजवीकडे फिरली, शून्याच्या पलीकडे, ज्या बाजूला सकाळपासून कुणी फिरवली नव्हती त्या बाजूला. मागे कुणीतरी तोंडानं च्च केलं. आवडीच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर समुद्र होता, आणि तो आता इथं पोचत होता.

"वेळ," तुळजाजी हळूच म्हणाले.

गिरीधररावांनी श्वास घेतला. उकळी अजून उभीच होती. श्वास सोडला. ठिपका नाचत होता, आणि जर आता चूक असेल तर गोळी निशाणाच्या चौकोनाबाहेर मातीत जाणार होती, हे सगळ्या शेडला माहीत होतं. त्यांनी अर्धा श्वास घेतला आणि धरला. सगळं पाणी एकदम डावीकडे वळलं.

"हां."

बार झाला. निशाण खाली गेलं, आणि बराच वेळ वर आलं नाही. मग आलं. तबकडी काळ्याच्या कडेला, डाव्या बाजूला, पण काळ्याला टेकून.

"चार," तुळजाजींनी वाचलं. मग बोटांवर बेरीज केली, मग पुन्हा केली. "चव्वेचाळीस. गिरीधरा, अरे चव्वेचाळीस!"

आता झेंडेसुद्धा उलटले, एकामागून एक, सावकाश.

कृष्णकांत जवळ आला. त्यानं कळ निरखून बघितली, ती कुठं लावली आहे ते. मग म्हणाला, "उजवीकडे आणखी दोन टिचक्या चालल्या असत्या. पाच आला असता."

"चालल्या असत्या," गिरीधरराव म्हणाले. खरंच होतं ते.

तनयानं कानावरची झाकणं काढली आणि कुशीवर वळली. तिला हसायचं होतं, पण त्यांच्याकडे बघून ती थांबली. गिरीधरराव खुर्चीत वाकले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड उघडं, डोंगर चढून आल्यासारखे.

"काका, गोळ्या मी झाडल्या. धाप तुम्हाला कशी लागली?"

त्यांनी हातानं खूण केली, थांब.

"पुढच्या महिन्यात हजार यार्ड आहे," ती म्हणाली. "तिथं पंधरा गोळ्या असतात. असं धापा टाकत तुम्ही..."

"तू झाडायचं बघ," गिरीधरराव म्हणाले. "श्वासाचं मी बघतो."

आणि ते उठले, कारण त्यांना आता एका जागी बसवत नव्हतं. पाण्याची बाटली घ्यायला म्हणून शेडकडे गेले, बाटली न घेताच परत आले, आणि तनयाशेजारी उभे राहून बांधावरच्या गवताकडे पुन्हा बघायला लागले.